मनीषनगर ते मिऱ्या, व्हाया चढण

‘मी चार दिवस रत्नागिरीला चाललेय,’ असा मेसेज मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. त्यावर पाच मिनिटांत चार उत्तरं आली. ‘काहून?’ ‘कोणाचं लग्न आहे का?’ ‘आंबे आणशील.’ आणि चौथं, ‘म्हणजे गोव्यालाच ना?’

महिना जानेवारीचा होता, त्यामुळे आंब्याचा प्रश्नच नव्हता. लग्न कोणाचंच नव्हतं. आणि गोवा तर मुद्दाम नव्हता. राहिला पहिला प्रश्न, काहून? घरीही तोच. ‘समुद्रच पाह्यचा तर सगळे जातात तिथे जा ना,’ आई म्हणाली. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘जाऊ दे, थिबा पॅलेस पाहून येईल.’ बाबांना सगळ्या गावांचं एक-एक ठिकाण पाठ आहे. गाव म्हणजे एक पॉइंट, एक फळ आणि एक खाण्याचा पदार्थ. आपल्या नागपूरचंही बाकीचे लोक असंच करतात, तेव्हा मात्र आपल्याला राग येतो.

खरं कारण सांगते. आमचं घर मनीषनगरात. बाहेर पडलं की वर्धा रोड. या रोडने बुटीबोरीपर्यंत आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. कोणी कंपनीत, कोणी इंटर्नशिपला, कोणी नुसतंच ढाब्यावर. पण तिथून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत, आंबा घाट उतरून हा रस्ता कुठे संपतो माहीत आहे? रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरावर. कागदोपत्री त्याचे तुकडे आहेत, नंबर वेगवेगळे आहेत. पण बातम्यांमध्ये त्याचं नाव एकच, रत्नागिरी-नागपूर महामार्ग. लहानपणापासून हे नाव ऐकून माझ्या डोक्यात एक किडा होता. या रस्त्याचं आपल्याकडचं टोक तर रोज पाहतो. नऊशे किलोमीटरहून जास्त लांब असलेलं दुसरं टोक दिसतं कसं?

आता गंमत अशी, की रस्ता पाहायला निघालेली मी गेले रेल्वेने. खिसा विद्यार्थ्याचा आहे, काय करणार! नागपूरहून मडगावला जाणारी गाडी रत्नागिरीला थांबते. आमच्या डब्यात तीन कॉलेजांची पोरं होती, सगळी गोव्याला. उकुलेले, टोप्या, गॉगल. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला मी आणि माझी मैत्रीण अशा दोघीच सामान घेऊन उतरायला लागलो, तर एकाने काळजीने विचारलं, ‘अगं, चुकीच्या स्टेशनवर तर नाही ना उतरत?’

डावं-उजवं विसरा

रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर, वर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथून शहर सुरू होतं आणि समुद्राकडे उतरत जातं. मध्येच त्याला आठवण येते की आपण उतरतोय, मग ते परत चढतं. मग पुन्हा उतरतं. अख्खं गाव असं वर-खाली, आणि शेवटी खाडी नाहीतर समुद्र.

आपण नागपूरचे लोक सपाट आहोत. स्वभावाने नव्हे, जमिनीने. आपल्याकडे सीताबर्डीची टेकडी आहे, आणि एका भागाला आपण मोठ्या हौसेने ‘सेमिनरी हिल्स’ म्हणतो. फुटाळ्याच्या तलावाला चौपाटी म्हणणारीही आपलीच माणसं. त्यामुळे चढ आणि समुद्र या दोन्ही बाबतीत आपला अनुभव किती, हे वेगळं सांगायला नको.

मैत्रिणीचा सगळा भरवसा फोनमधल्या नकाशावर. तिने जाहीर केलं, ‘आपलं राहायचं घर चारशे मीटर. चालत जाऊ, रिक्षाचे पैसे वाचतील.’ ते चारशे मीटर खरंच चारशे मीटरच होते. फक्त त्यातले बरेचसे वरच्या दिशेला होते. वाटेत पायऱ्यांची दगडी पाखाडी लागली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यावर शेवाळ वाळून काळं झालेलं. आम्ही सामानासकट तिसऱ्यांदा बसलो तेव्हा वरून एक आजी आमच्याकडे शांतपणे पाहत होत्या. त्याच आमच्या घरमालकीण निघाल्या. मैत्रीण धापा टाकत म्हणाली, ‘आजी, नकाशात तर जवळ दाखवत होतं.’

आजी म्हणाल्या, ‘गो बाई, नकाशा सपाट असतो. रत्नागिरी नाही.’

चार दिवसांत ऐकलेलं हे सगळ्यात उपयोगाचं वाक्य. त्यानंतर आम्ही पत्ते विचारायला लागलो आणि लक्षात आलं की इथे डावं-उजवं फारसं चालतच नाही. नागपुरात आपण सांगतो, ‘अमक्या चौकातून लेफ्ट मारा, पुढच्या चौकात राइट.’ रत्नागिरीत सांगतात, ‘वर जा, मग खाली उतरा.’ मारुती मंदिर वर. जयस्तंभ त्याच्या खाली. राम आळीचा बाजार आणखी खाली. मांडवी सगळ्यात खाली, कारण त्यापुढे समुद्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका माणसाला स्वतःहून म्हणाले, ‘टिळक आळी ना? खाली जा.’ तो गेला. बरोबर गेला असावा, परत तरी आला नाही.

आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘तुम्ही घाटावरच्या ना?’ मी गोंधळले. आमच्याकडे घाट कुठला? मग कळलं, कोकणातल्या माणसासाठी सह्याद्रीच्या पलीकडचं सगळंच ‘घाटावर’. पुणं घाटावर, सोलापूर घाटावर, नागपूरही घाटावर. आणि आपल्यासाठी? पुण्याच्या पलीकडचं सगळं ‘मुंबई साइड’. हिशेब बरोबरीत सुटला.

एक दगड, दोन रंग

सकाळी आजींनी पोहे दिले. वर ओल्या खोबऱ्याचा चव, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. मैत्रिणीने सवयीने विचारलं, ‘आणि तर्री?’ आजींना तर्री म्हणजे काय हे समजावून सांगायला आम्हाला दहा मिनिटं लागली. चण्याचा झणझणीत लाल रस्सा पोह्यांवर ओततात, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी विसरणार नाही. ‘मग पोह्यांची चव कशी कळते?’ त्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण आम्ही नागपूरच्या असल्यामुळे मान्य केला नाही.

त्या घराच्या भिंती लाल जांभ्याच्या. खाणीतून काढताना हा दगड बराच मऊ असतो, चिरा कापता येतो, आणि हवेत राहून पुढे घट्ट होतो. मी जिऑलॉजीची विद्यार्थिनी, त्यामुळे इथे मैत्रिणीला गप्प करायची संधी मिळाली. आपल्याकडची काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली, त्याच बेसाल्टपासून कोकणातला हा लाल जांभा झाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दख्खनचा थर. त्याची पूर्वेकडची कड नागपूरजवळ संपते आणि पश्चिमेकडची समुद्राला टेकते. आपल्याकडे वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, इथे त्याच्या तिप्पट. इथल्या धो-धो पावसाने त्या दगडातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे ठेवलं, म्हणून तो लाल. आपल्याकडे तेवढा पाऊस नाही, म्हणून काळी माती, कपाशी आणि संत्री. दगड एकच. पाऊस वेगळा पडला.

याच जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. हत्ती, मासे, माणसं, आणि ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही अशा चौकटी. २०२२ मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागलं. आम्ही उक्षीचा हत्ती पाहिला. केवढा मोठा! पण मला जास्त आवडलं ते वेगळंच. ही शिल्पं मोठ्या संख्येने जगासमोर आणली ती रत्नागिरीतल्याच काही हौशी लोकांनी, सुट्टीच्या दिवशी गावोगावचे सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून. गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसणाऱ्याला ती सापडली नसती.

अरबी समुद्र आणि एक चप्पल

तिसऱ्या दिवशी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब सरळ किनारा, मागे सुरूचं बन. दुपारचे अडीच वाजले होते. पाण्यापासून चांगल्या वीस-पंचवीस पावलांवर चपला काढल्या आणि चालत सुटलो. परत आलो तेव्हा चारच्या पुढे वेळ गेलेली. माझी एक चप्पल वाळूत अर्धी गाडलेली मिळाली. दुसरी गेली.

शहाळी विकणारे एक काका हे सगळं पाहत होते. रत्नागिरीत कोणीतरी कायम तुमच्याकडे पाहत असतं आणि तुमची फजिती पूर्ण झाल्यावरच बोलतं. ‘आज तिथी कुठली?’ त्यांनी विचारलं. आम्हाला वार सांगता आला असता, तिथी कुठून? ‘षष्ठी,’ तेच म्हणाले. ‘सहाची पाऊणपट किती?’

‘साडेचार,’ मैत्रीण म्हणाली. ती गणिताची.

‘साडेचारला पूर्ण भरती. अडीचला पाणी वर चढतच होतं.’

म्हणजे तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळाली. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. मैत्रिणीने तिथेच वाळूत बोटाने गणित मांडलं. चंद्र पूर्ण फेरी मारून सूर्याला पुन्हा गाठतो तोवर तीस तिथी होतात आणि भरतीची वेळ बरोबर चोवीस तास पुढे सरकलेली असते. चोवीस तासांना तीसने भागा, अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. तीन मिनिटांचा फरक! वही नाही, कॅल्क्युलेटर नाही, फोनची रेंज असायची गरज नाही. ‘अबे, हे आपल्याला अकरावीत का नाही शिकवलं?’ ती म्हणाली. मी अनवाणी होते, त्यामुळे तेवढ्या उत्साहाने उत्तर देऊ शकले नाही.

मी त्या काकांना विचारलं, ‘चप्पल परत येईल का?’ ते म्हणाले, ‘येईल की. तुमच्या पायाजवळच येईल असं नाही.’

इथे पाठवलेले, इथून गेलेले

पॉइंट आम्हीही पाहिले, उगाच साधुपणा नको. रत्नदुर्ग चढलो, भगवतीचं देऊळ पाहिलं, दीपगृह पाहिलं. मत्स्यालयात देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभं राहून फोटो काढला. पांढरा समुद्र पाहिला, मग मांडवीची काळी वाळू पाहिली. आणि बाबांसाठी थिबा पॅलेस.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला राणी आणि मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवलं. तो राहतो तो राजवाडा मात्र १९१० मध्ये बांधून झाला. तोवर आयुष्याची चोवीस वर्षं इथे गेलेली. पुढे सहाच वर्षांत, १९१६ मध्ये, तो इथेच वारला. त्याआधी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी नेमकं उलट, रंगूनला नेऊन ठेवलं होतं. दिल्लीचा राजा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीत हा राजा येतो. राणी १९१९ मध्ये परत गेली. पण थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू इथेच राहिली, मराठी बोलत संसार केला आणि इथेच म्हातारी झाली.

राजवाड्याच्या उंचीवरून खाडी दिसते, समुद्र दिसतो. जागा इतकी सुंदर की मैत्रीण म्हणाली, ‘मला पण कोणीतरी इथे कैदेत टाका.’ पण आपल्याला चार दिवसांनी परत जायचंय हे माहीत असताना असं बोलणं सोपं असतं.

सावरकरांनाही इंग्रजांनी १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं याच जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवलं. त्या काळात भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून इथे सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं, १९३१ मध्ये. म्हणजे पहा, एकेकाळी माणसांना दूर ठेवायचं असलं की त्यांना रत्नागिरीला पाठवत. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, रेल्वे नाही. ती यायला नव्वदचं दशक संपत आलं.

आणि ज्या गावात माणसं पाठवावी लागत, त्याच गावातून पोरं मात्र आपणहून निघून जातात. आजची नव्हे, कधीपासूनची! टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ ला टिळक इथे जन्मले. दहा वर्षांचे होते तेव्हा वडिलांची बदली झाली आणि ते गेले. कुठे? पुण्याला. मैत्रीण आणि मी एकमेकींकडे पाहिलं. कारण जूनमध्ये आम्ही दोघीही पुण्यालाच चाललोय. कॅम्पसमध्ये नोकरी लागली आहे. मनीषनगरच्या आमच्या लेनमध्ये पेढे वाटून झालेत.

कुलूप लावलेल्या खोल्या

आजींच्या घरात सहा खोल्या. दोन पाहुण्यांना देतात, एकीत त्या राहतात. बाकी तीन बंद. शेवटच्या रात्री त्यांनी एक उघडून दाखवली. भिंतीवर खडूने उंचीच्या खुणा, त्यापुढे तारखा. लाकडी कपाटावर शाळेचं स्टिकर. ‘दोघे मुंबईला, एक बाहेर. गणपतीत येतात सगळे,’ आजी म्हणाल्या. ‘तेव्हा जागा पुरत नाही. उरलेलं वर्ष पुरून उरते.’ त्यात रडगाणं नव्हतं. पाऊस जूनमध्ये येतो हे ज्या आवाजात सांगावं, तोच आवाज.

मग त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्याकडे नागपुरात काय बघायला असतं?’

मी सुरू झाले. दीक्षाभूमी, झिरो माइल, फुटाळा, जवळच ताडोबा. संत्रा बर्फी. सावजी. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ते झालं गो. तू राहतेस तिथे काय आहे?’

मला काही सुचेना. वीस वर्षं मनीषनगरात राहून सांगण्यासारखं काय? शेवटी म्हणाले, ‘आमच्याकडे रेल्वेचं फाटक होतं.’ आणि मग सांगतच सुटले. फाटक बंद झालं की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग कशी लागायची, शाळेची व्हॅन कशी अडकायची, पेपरला उशीर झाला की ‘फाटक लागलं होतं’ हे कारण सर निमूटपणे कसे ऐकून घ्यायचे. फाटकापाशी थांबलेल्या काकू एकमेकींना भाजीचे भाव कसे विचारायच्या. आता पूल झाला. कोणी थांबत नाही, आणि त्या काकूही आता एकमेकींना फारशा भेटत नाहीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये किती फ्लॅट असे आहेत, जिथे दोन म्हातारी माणसं आणि एक व्हिडिओ कॉल! तिसरी खोली बंद. त्या खोलीत कोणाचा तरी जुना क्रिकेटचा किट आणि जेईईची पुस्तकं.

बोलता बोलता मी थांबले. आजी काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी खोलीला परत कुलूप लावलं.

तर, मुद्दा असा

माझं म्हणणं साधं आहे. आपण कॉलेजच्या तीन-चार वर्षांत फिरतो भरपूर, पण ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच फिरतो. आणि तिथेही पॉइंट मोजत फिरतो. एका दिवसात सात पॉइंट झाले की सहल यशस्वी. त्यात गाव भेटत नाही. गाव भेटायला एकाच ठिकाणी तीन-चार दिवस राहावं लागतं, पायी हिंडावं लागतं, थोडं चुकावं लागतं. माझ्यासारखी चप्पल हरवायलाच पाहिजे असं नाही.

आणि हे गाव महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचं असावं. आपण विदर्भातले. ‘आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही’ हे वाक्य आपण दुधासोबत प्यायलेलो आहोत. त्यात तथ्य आहे, म्हणून ते टिकलंय. पण रत्नागिरीच्या चहाच्या टपरीवर तिथल्या कॉलेजच्या पोरांशी बोलताना मी हेच वाक्य शब्दन् शब्द ऐकलं. त्यांचे आवाज वेगळे, हेल वेगळा, तक्रार तीच. त्यांना वाटतं सगळं घाटावर जातं. आपल्याला वाटतं सगळं पश्चिम महाराष्ट्रात जातं. ते मुंबईच्या गाडीत बसतात, आपण पुण्याच्या. २०१४ मध्ये नागपूरच्या संत्र्याला जीआय मिळालं, २०१८ मध्ये हापूसला. फळाला ओळख मिळाली. ते पिकवणाऱ्या घरातली पोरं मात्र दोन्हीकडची बाहेर. इतकं सारखं दुखणं असलेली दोन टोकं एकमेकांशी कधी बोललीच नाहीत, हे मला विचित्र वाटतं.

‘एक भारत श्रेष्ठ भारत’मध्ये दोन राज्यांच्या जोड्या लावल्यात. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. छान आहे. पण एकाच राज्यातल्या दोन टोकांची जोडी कोण लावणार? नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. बहुतेक जण ते घराजवळच कुठेतरी उरकतात. त्याऐवजी नागपूरच्या एका कॉलेजने रत्नागिरीच्या एका कॉलेजशी बोलावं. दहा पोरं तिकडे, दहा इकडे. हॉटेल नको, एकमेकांच्या घरी राहायचं. जिऑलॉजीवाल्यांनी जांभा बघावा, गणितवाल्यांनी भरती, कॉमर्सवाल्यांनी मिरकरवाड्यातला मासळीचा लिलाव. तिकडच्यांनी मे महिन्यात यावं आणि आपलं ऊन काय असतं ते एकदा अनुभवावं. मग तर्रीची चव आपोआप कळेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पैसा. बरोबर आहे. पण साध्या डब्याचं तिकीट आणि घरगुती जेवण धरलं तर गोव्याच्या सहलीपेक्षा आमचा खर्च कमीच झाला. नवीन चप्पल धरूनही. मुलींच्या घरून परवानगी हा खरा मोठा प्रश्न, आणि म्हणूनच हे काम कॉलेजमार्फत व्हावं असं मी म्हणतेय. कॉलेजचं पत्र असलं की कितीतरी घरांमधली ‘नाही’ मऊ पडते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो माझ्यावरच येतो. एवढं सगळं बोलून तू तर जूनमध्ये पुण्यालाच चाललीस ना? हो, चाललेय. नोकरी तिथे आहे, नागपुरात मला हवी तशी मिळाली नाही. मी काही ‘गाव सोडू नका’ असं सांगायला लिहीत नाहीये. तो सल्ला देणारे बहुतेक सगळे स्वतः गाव सोडलेले असतात. मी एवढंच म्हणतेय, की जाण्याआधी आपण काय सोडून चाललोय ते नीट पाहून घ्यावं. आणि आपलं गाव दिसायला कधीकधी परक्या गावाच्या आजीने प्रश्न विचारावा लागतो. मला रत्नागिरीत मनीषनगर दिसलं. तिकडच्या एखाद्या पोराला मनीषनगरच्या पुलाखाली उभं राहून त्याचं झाडगाव नाहीतर नाचणे दिसेल.

शेवटच्या दिवशी आम्ही मिऱ्याला गेलो. रस्ता खरंच तिथे येतो. पुढे पाणी, बोटी आणि वाळत घातलेली जाळी. रिक्षावाल्या काकांना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘हा रस्ता आमच्या घराजवळून येतो.’ त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्या नव्या चपलांकडे. म्हणाले, ‘मग चालत आलात की काय?’

घरी आल्यावर आईने पहिल्यांदा बॅग उघडली. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, आणि वाळूने भरलेली एक चप्पल. ‘ही कशाला आणली? एकीचा काय उपयोग, टाकून दे,’ ती म्हणाली. मी बाल्कनीत ठेवून दिलीय. जूनमध्ये मी गेल्यावर ती माझ्या खोलीत राहील. आईने विचारलं तर सांगणार आहे, जोडीतली दुसरी याच रस्त्याच्या त्या टोकाला आहे. कधीतरी आपण दोघी जाऊन बघू.